छंद : वाचन

लग्नाच्या बायोडेटात एक रकाना असतो. उंची, रास, नाडी, पगार यांच्या खाली आणि 'अपेक्षा'च्या बरोब्बर वर. छंद! माझ्या बायोडेटात तिथे आईने परस्पर लिहून टाकलं होतं, 'वाचन'.

आईची काही चूक नाही. शाळेत असताना मी खरंच वाचायचे. जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक, गणिताच्या वहीखाली पुस्तक. मग बारावी आली, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी. आता माझं वाचन म्हणजे ऑफिसचे मेल, ओटीपी आणि सोसायटीच्या ग्रुपवर येणारे 'उद्या पाणी येणार नाही'चे मेसेज. पण आईच्या डोक्यात मी अजून सातवीतच आहे, त्याला कोण काय करणार?

तर झालं असं. जानेवारीतल्या एका रविवारी ठाण्यात तलावपाळीजवळच्या कॅफेत मी एका मुलाला बघायला गेले. किंवा तो मला बघायला आला. हल्ली कोण कोणाला बघतं हे नक्की नसतं, बिल मात्र अर्धं-अर्धं होतं. कांदेपोह्यांच्या जागी चीज सँडविच. पगार, गाडी, 'आई-बाबा सोबत राहतात का' हे सगळं विचारून झालं आणि आता काय बोलायचं अशी वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "वाचन आवडतं ना तुम्हाला? फेव्हरिट पुस्तक कुठलं?"

आणि मी म्हणाले, "कोसला."

का म्हणाले? कारण 'मृत्युंजय' सगळेच सांगतात. 'कोसला' म्हटलं की समोरचा जरा दबतो, हे मी कॉलेजात पाहिलेलं.

"काय सांगता! माझंही," तो म्हणाला. "शेवट कसला आहे ना?"

"हो ना. एकदम ओपन."

"एकदम."

मग शांतता. सँडविचचा तुकडा तोंडात होता म्हणून मला तरी निमित्त होतं. शेवटी तोच म्हणाला, "खरं सांगू? मी वाचलेली नाहीये."

"मी पण नाही," मी म्हणाले. आणि मग आम्ही इतके हसलो, की पलीकडच्या टेबलावरचे आजोबा आमच्याकडे बघायला लागले. अहो-जाहो तिथेच संपलं.

त्याच टेबलावर एका टिश्यू पेपरवर यादी झाली. ज्यांची नावं आपण आयुष्यभर ऐकत आलो, वाचलीयेत असं भासवत आलो, अशा सहा कादंबऱ्या. नियम दोन. एक, यूट्यूबवर सारांश बघायचा नाही. दोन, मत खरं द्यायचं. 'मस्त आहे' चालणार नाही. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणायचं, लेखक कितीही मोठा असो. दर गुरुवारी रात्री फोन. लग्नाचं काय, हा प्रश्न दोघांच्याही घरी 'आम्ही अजून बोलतोय' या एका वाक्यावर टांगून ठेवला. ते खोटंही नव्हतं.

आता, लग्नाच्या बाजारात उभं राहून कादंबऱ्या वाचायला घेतल्या की एक गंमत होते. प्रत्येक नायकाकडे आपण स्थळ म्हणूनच बघायला लागतो.

पहिलं स्थळ, थोरले माधवराव. रणजित देसाईंची 'स्वामी', १९६२. मुलगा निर्व्यसनी, कर्तबगार, बायकोवर जीव. पण सासर? राघोबादादा हे पात्र वाचताना मला सारखे आमच्या फॅमिली ग्रुपवरचे एक काका आठवत होते. आशीर्वाद पहिला त्यांचा, भांडणही पहिलं त्यांचंच. एका गोष्टीने मात्र माझा माज उतरला. माधवरावांना पेशवेपद मिळालं १७६१ साली, पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी. १७७२ मध्ये थेऊरला ते गेले तेव्हा वय सत्तावीस. तेवढ्यात त्यांनी मोडलेलं राज्य उभं केलं. मीही सत्तावीसचीच आहे आणि मला अजून इन्कम टॅक्सचा फॉर्म बाबांशिवाय भरता येत नाही. पण खरं मत द्यायचं तर शेवटी रमाबाई सती जातात ते वाचताना माझे डोळे भरून आले नाहीत, मी चिडले. इतकं सुंदर लिहिलंय, म्हणूनच चिडले. त्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मी तिथे रडलो." चला, पहिलं खरं मत आणि पहिलं भांडण!

दुसरं स्थळ, ययाती. खांडेकरांची १९५९ ची कादंबरी. मराठीला पहिलं ज्ञानपीठ आणून देणारे १९७४ चे लेखक ते हेच. आदराने उघडली. नायक असा, की म्हातारपणाचा शाप मिळाला तर मुलाकडे तारुण्य मागतो. म्हणजे कर्ज बापाने काढायचं आणि हप्ते मुलाने फेडायचे! पहिल्या पन्नास पानांत मला सुभाषितांचा थोडा कंटाळा आला, हे नियमाप्रमाणे सांगते. प्रत्येक पानावर एखादं तरी वाक्य फ्रेम करून दिवाणखान्यात लावावं असं. पण ही गोष्ट एकटा ययाती सांगत नाही. देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. आणि शर्मिष्ठा बोलायला लागली की पुस्तक माझं झालं. राजकन्या असून दासी झालेली बाई, पण रडगाणं नाही. माझं मत असं, की नाव राजाचं असलं तरी कादंबरी तिची आहे. स्थळ अर्थात नापसंत.

तिसरं स्थळ, पांडुरंग सांगवीकर. ज्याच्या नावाने आम्ही दोघे खोटं बोललो तो. भालचंद्र नेमाडे, 'कोसला', १९६३. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला मुलगा. हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, बापाचे पैसे पाण्यात, शेवटी परत गावी. आधी तर मला तो मुलगा दोन चापट्या देण्याच्या लायकीचा वाटला. बाप पैसे पाठवतोय आणि हा मेसचा सेक्रेटरी होऊन गंडतोय. पण त्याची भाषा कांजिण्यांसारखी आहे, लागणारच. तिसऱ्या दिवशी मी बॉसला मेसेज केला, 'गाडी उदाहरणार्थ लेट आहे वगैरे.' त्यांनी 'ओके' एवढंच पाठवलं, पण सोबत एक डोळे मोठे केलेला चेहरा.

मग मनीचं प्रकरण आलं. पांडुरंगची धाकटी बहीण, देवी येऊन जाते. मी संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये फोर्थ सीटवर अर्धी टेकलेली. इतका वेळ टिवल्याबावल्या करणारा हा मुलगा अचानक असं काही बोलायला लागतो, की आपल्याला पुस्तक बंदही करता येत नाही. मान वर केली तेव्हा गाडी कल्याणला शिरत होती. डोंबिवली कधी गेलं कळलंच नाही. डोंबिवली, जिथे दारापर्यंत पोचायला ठाण्यापासूनच उभं राहावं लागतं! उलटी लोकल पकडून घरी आले, तर धाकटी बहीण माझा नवा टॉप घालून आरशासमोर उभी. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी म्हटलं, घाल बाई.

ते ऐकून फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला ते प्रकरण दोनदा वाचावं लागलं." त्याला बहीण नाहीये. भाऊही नाही.

चौथं स्थळ मात्र मी लगेच पसंत केलं. 'बनगरवाडी'तले मास्तर. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथे पहिल्याच नोकरीवर रुजू व्हायला निघालेला कोवळा पोरगा. मी म्हणते, ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला लॅपटॉपसोबत हे पुस्तक द्यावं. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. कामाचं वर्णन एक आणि प्रत्यक्ष काम वेगळंच. कोणाची पत्रं लिही, कोणाची भांडणं सोडव, कोणाची तालुक्याची कामं कर. कारभाऱ्याची मर्जी सांभाळ, ती गेली की परत मिळव. मग तो सगळ्यांना जमवून तालीम बांधतो, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. आपल्याला वाटतं, झालं, प्रोजेक्ट सक्सेसफुल! आणि मग पाऊस पडत नाही. दुष्काळात वाडी हळूहळू रिकामी होते.

या कादंबरीत व्हिलन नाही, लव्हस्टोरी नाही, एकही जड वाक्य नाही. तरी शेवटी मी गप्प झाले. माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. तिथल्या पहिल्या टीमबरोबर मी तीन वर्षं काम केलं. मग कंपनीने ते कामच बंद केलं आणि महिन्याभरात सगळे पांगले. कोणाचीच चूक नव्हती. त्या रिकाम्या टेबलांना काय म्हणायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. माडगूळकरांनी ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग मार्चमध्ये एका गुरुवारी तो म्हणाला, "जूनपासून मला बेंगळुरूला पाठवतायत. दोन वर्षं तरी."

"अरे वा," मी म्हणाले.

"तू येशील ना? म्हणजे, आपलं ठरलं तर."

"बघू."

दोन्ही घरांत हा प्रश्नच नव्हता. 'आयटीतली मुलगी, तिला काय, कुठेही नोकरी मिळेल,' हे त्याच्या आईचं मत. माझ्या आईचंही तेच. मला एप्रिलपासून टीम लीड करणार होते. पहिल्यांदा सात माणसं माझ्या हाताखाली. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर मग काहीतरी ठरवावं लागलं असतं. चार वर्षांपूर्वी एकदा मी असंच सगळं स्पष्ट बोलले होते, दुसऱ्या कोणाशी तरी, आणि ते माणूस निघून गेलं होतं. तेव्हापासून 'बघू' हा माझा आवडता शब्द आहे. हो नाही, नाही नाही. भांडण नाही, अपमान नाही. पुढच्या गुरुवारीही 'बघू'. त्याच्या पुढच्याही.

त्याच आठवड्यात यादीतलं पाचवं पुस्तक काढलं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. १९३९ चं, बारीकसं. दोन दिवसांत होईल म्हणून घेतलं. युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज. जहाजावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू. त्यांना पुढे पूर्वेकडे जायचंय, कुठल्या तरी बंदरात कोणी उतरू देईल या आशेवर. आणि त्यात एक आपला मराठी माणूस, चक्रधर, घरी परतणारा. आधी एकदा प्रेमात पोळलेला, म्हणून आता अडकायचं नाही असं ठरवून बसलेला. आणि हॅर्टा. ती मात्र काही राखून ठेवत नाही.

वाचताना मी त्याला मनातल्या मनात ओरडत होते. अरे, बोल की! पण मुंबई येते. तो उतरतो. ती पुढे जाते. आणि पुढे ती समुद्रात उडी घेते.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मी एकटीच बाहेर पडले. बॅलार्ड इस्टेटच्या मागे गोदीची भिंत आहे. समुद्र दिसत नाही, नुसता वास येतो. चहावाल्याकडे उभी राहून मी हिशेब मांडत होते. तीन स्थळं मी नापसंत केली. चौथं पसंत केलं. हे पाचवं मी नापसंतही करू शकत नव्हते, कारण चक्रधर म्हणजे मीच होते. माझं जहाज नाही, माझ्यापुढे युद्ध नाही, माझ्या 'बघू'ने कोणी मरणार नाही, हे मला कळतं. दोन्हींची बरोबरी करणं हास्यास्पद आहे. पण काठाकाठाने राहायचं, बोलायचं नाही आणि आपलं बंदर आलं की उतरून जायचं, ही सवय तीच. पुस्तकांबद्दल दर गुरुवारी खरं मत द्यायचे मी. माधवरावांना सोडलं नाही, ययातीला सोडलं नाही. जिवंत माणसासमोर मात्र 'बघू'.

घरी येऊन आजीजवळ बसले. आजी पंच्याऐंशीची आहे आणि तिचं वाचन खरं आहे, बायोडेटातलं नाही. तिला यादी दाखवली, तर चष्मा वर करून म्हणाली, "यात यमू कुठंय?"

"कोण यमू?"

तिने कपाटातून 'पण लक्षात कोण घेतो' काढून दिलं. पानं सुटी झालेली, दोऱ्याने बांधलेलं. हरिभाऊ आपट्यांनी हे १८९० ते ९३ मध्ये 'करमणूक'मध्ये क्रमशः लिहिलं. यमू नावाची मुलगी आपलीच गोष्ट सांगते. बालपण, लग्न, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य. शेवटी तिला धरून तिचे केस काढतात. मी जुनी भाषा म्हणून अडखळत वाचत होते, पण नंतर अडखळणं थांबलं.

"आमच्या घरात होती अशी आत्या," आजी म्हणाली. "बाबांची आत्या. लाल अलवणात. मी परकर नेसायचे तेव्हा. न्हावी यायचा तेव्हा आम्हा पोरींना माडीवर पाठवायचे. एकदा मी तिला विचारलं, तू नाही का म्हणाली नाहीस? तर हसली. म्हणाली, अगं, मला विचारलं कोणी?"

आजी थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "तुला विचारतायत ना? मग बोल की बाई. गप्प कसली बसतेस?"

त्या रात्री गुरुवार नव्हता. तरी मी त्याला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी पाठवला तो असा : 'जूनमध्ये मी बेंगळुरूला येणार नाही. एप्रिलपासून मला टीम मिळतेय, निदान एक वर्ष मला ते काम करायचंय. हे तुला नाही म्हणणं नाहीये. पण बघू म्हणत राहिले ते चुकलं. हे माझं खरं मत.'

दोन टिका निळ्या झाल्या. मग काहीच नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास. मी गॅस पुसला, आधीच पुसलेला ओटा परत पुसला, उद्याचा डबा काय याचा विचार केला. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं.

'लक्षात घेतलंय. टीम मिळाली हे आधी का नाही सांगितलंस? अभिनंदन. आणि माझंही एक खरं मत. मला तिथे एकट्याने जायची भीती वाटते, म्हणून सारखं तू येशील ना विचारत होतो.'

मी ते तीनदा वाचलं. यादीतल्या कुठल्याही नायकाने इतकं सरळ वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

मग ठरलं का तुमचं, असं तुम्हीही विचारणार. दोन्ही आया रोज विचारतात. उत्तर असं, की तो जूनमध्ये गेला. आठवड्याला फोन होतो, महिन्याला एक विमान किंवा एक रात्रीची बस होते, आणि आमची भांडणं आता पुस्तकांवरून कमी आणि एकमेकांवरून जास्त होतात. मला ती प्रगती वाटते. वर्ष संपलं की परत विचारायचं, असं दोघांनी मिळून ठरवलंय. 'बघू' नाही, तारीख ठरलीये.

आणि हो, सहावं पुस्तक. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय', १९६७. नियम खऱ्याचा आहे, म्हणून सांगून टाकते. ते अजून अर्धं व्हायचंय. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण, सगळे आपापली बाजू मांडायला रांगेत उभे आहेत आणि मी सकाळच्या गाडीत रोज दहा-दहा पानं ऐकून घेतेय. लायब्ररीवाल्या काकांनी दोनदा मुदत वाढवून दिली, आता दंड लावणार म्हणतात. कर्ण स्थळ म्हणून कसा, हे संपल्याशिवाय सांगणार नाही. पूर्वी सांगितलं असतं.

आईला म्हटलं, बायोडेटात 'छंद : वाचन' तसंच राहू दे. हवं तर खाली 'सध्या' असं लिही.